वजन घेऊन काढलेला फोटो

बटण काजात अर्धंच शिरलं होतं आणि गोजराचा अंगठा त्याला मागून ढकलत होता. पांढरं, चार भोकांचं बटण. एका भोकातला दोरा सुटून वर आलेला. हिरामण मान खाली घालून त्या दोऱ्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांचा बाप्या, सदऱ्याची बटणं बायको लावते आहे, आणि आपण शाळेत निघालेल्या पोरासारखे हनुवटी वर करून उभे... गेल्या महिन्यात त्यानं डाव्या हातानं स्वतः लावून पाहिलं होतं, तेव्हा चिडून ओढताना जुनं बटण तुटून चुलीत गेलं. हे नवं. गोजरानंच शिवलेलं. तिचं सगळं लक्ष बटणावर होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. बरणीच्या दिवसापासून ती त्याच्या तोंडाकडे फारशी बघतच नव्हती.

"आज तरी दिसंल ना?" तिनं बटणालाच विचारलं.

"दिसंल. आज उभं करून काढनार हाय फोटो. हातात वजन देऊन."

"दुखऱ्या हातात?"

"दोनी हातांत."

बटण काजातून पार गेलं. तिनं त्याच्यावर एकदा तळवा फिरवला आणि ती चुलीकडे वळली. काही बोलेल म्हणून तो तसाच उभा राहिला... पण भाकरी तव्यावर होती, आणि भाकरी थांबत नाही.

दिसणं. सहा आठवडे झाले, सगळं त्या दिसण्यापाशी येऊन अडलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या गोदामात ट्रकवरून पिंपं उतरवताना पायाखालची फळी सरकली, आणि हिरामण उजव्या खांद्याच्या टोकावर सिमेंटच्या कठड्यावर आदळला. आवाज झाला होता. ओल्या सुंभाचा पीळ तुटावा तसा, बारीक आणि ओला. शेजारच्या कुणीच तो ऐकला नाही, ऐकू येण्याजोगा नव्हताच. पण आपल्याच अंगात झालेला आवाज माणसाला कानानं ऐकावा लागत नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला ठाण्याला पाठवून हाडांचा फोटो काढवला. थंडगार टेबलावर उताणा झोपवून एक फोटो, लगेच निकाल, हाड शाबूत. एवढे दोन शब्द. ते दोन शब्द त्याच्या आधी त्याच्या गावी, दिघ्याला पोचले. आळीत पोचले, विहिरीवर पोचले, आणि तो घरी येऊन ओटीवर टेकला तेव्हा समोरच्या म्हातारीनं त्याला चांगल्या मनानं म्हटलं, सुटलास रं बाबा, काय नाय झालं तुला.

काय नाय झालं. मग सकाळी उठताना उजवी कूस बदलली की डोळ्यांसमोर काळं येतं ते काय? हात खांद्याच्या वर न्यायला गेलं की गळ्यापासून दंडापर्यंत कुणीतरी आतून पिळतं ते? तो हे सगळं पंढरीला सांगायला गेला. पंढरी मुकादम होता, पण आधी आळीतला होता. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकले होते. पंढरीनं त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "फोटोत कायच नाय, हिरामन. फोटो काय खोटा बोलंल?" रागानं नाही, हसून नाही... समजावून सांगावं तसं. घरी येताना हिरामणला उत्तर सुचलं, पण ते उत्तर नव्हतं, प्रश्नच होता: फोटो खोटा बोलत नाही, मग खोटं बोलतं कोण? इथं दोघंच तर आहोत. फोटो आणि मी.

पुढं पुढं तर त्याला स्वतःचीच शंका येऊ लागली. दुपारी आढ्याकडे बघत पडलेला असताना तो आपल्या दुखण्याला विचारायचा, आहेस ना रे तू? आणि हात जरा हलवून खात्री करून घ्यायचा. दुखलं की बरं वाटायचं. दुखण्यानं बरं वाटावं असली ही गत, आणि ही कुणाला सांगायची सोय नाही.

कारखाना ज्या जागेवर उभा होता तिथं पूर्वी मिठागर होतं. त्याचा बाप देवजी तिथं राबला, आजा राबला, हिरामण स्वतः मिसरूड फुटायच्या आधीपासून राबला. मग डोंगरातला दगड ट्रक भरभरून आला, खाडीकाठच्या खाजणात पडला, खाडीचं पाणी अडलं, आणि मिठागराची माणसं कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभी राहिली. त्यांत हिरामणचा नंबर लागला होता, पुष्कळांचा लागला नव्हता. आता माघारी जायचं म्हटलं तरी मिठागर उरलं नव्हतं. सोमवारी एकतर पिंपांपाशी जाऊन उभं राहायचं, नाहीतर खांदा खरंच निकामी आहे असा ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा कागद न्यायचा. दोन्ही नसेल तर नाव कमी होणार, हे पंढरीनंच त्याला सांगितलं होतं. आज शुक्रवार होता.

हे हाडांचे डॉक्टर ठाण्याच्या इस्पितळात मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. या मंगळवारी त्यांनी हिरामणला पहिल्यांदा तपासलं, आणि तपासताना ते त्याला 'अहो' म्हणाले. सहा आठवड्यांत त्याला अहो म्हणणारे ते पहिलेच. त्यांनी अंगठ्यानं गळ्याच्या हाडाच्या अगदी खांद्याकडच्या टोकाशी दाबलं, हिरामण ओरडला, तेव्हा ते म्हणाले, "इथं हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्या असतात. फोटोत हाडं दिसतात, दोऱ्या दिसत नाहीत. तुमचा फोटो झोपवून काढलाय. माणूस झोपला की हाडं आपली जागच्या जागी बसून राहतात, दोरी तुटलेली असली तरी. आपण उभं करून, दोन्ही हातांना वजन टांगून काढू. दोरी तुटली असेल तर वजनानं हात खाली ओढला जाईल, गळ्याचं हाड वरच राहील, आणि मधली फट फोटोत येईल. येईलच."

हिरामणला हे इतकं पटकन कळलं की डॉक्टरांनाच नवल वाटलं असतं. मिठागराचा बांध असाच असतो. ओहोटीला सगळे बांध धडधाकट. देवजी उधाणाच्या भरतीला अनवाणी बांधावरून चालत जायचा, आणि पाणी चढून रेटू लागलं की कुठला बांध आतून फुटलाय ते त्याच्या टाचेला समजायचं. म्हणजे माझा फोटो ओहोटीचा काढला यांनी! त्या दिवशी घरी येऊन त्यानं गोजराला बांधाचं सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून, डाव्या हाताचे. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

बसमध्ये त्याला खिडकीपाशी जागा मिळाली, उजवा खांदा पत्र्याकडे, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. शेजारी गोजरा, मांडीवर भाकरीचं फडकं. पोरगी शेजारणीकडे ठेवली होती. खड्ड्यातून बस गेली की तो श्वास धरायचा, आणि धरला की वाटायचं, ही बघत असेल. आणि वाटलं की श्वास धरलेला उगीचच जास्त धरला जायचा... हे नाटक म्हणायचं का? खरं दुखणाऱ्या माणसानं ते दाखवलं तर नाटक होतं का? कळव्याच्या पुलाखाली खाडी पार आटलेली होती. नुसता चिखल, त्यात आडव्या पडलेल्या दोन होड्या.

बरणीचं असं झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी गोजरा फळीवरून काहीतरी काढत होती, तिचा धक्का लागून लोणच्याची बरणी काठावर आली आणि कलंडली, आणि खाली बसलेला हिरामण उठून उभा राहिला, हात वर गेला, बरणी झेलली. उजवा हात. डोक्याच्याही वर. झेलल्यावर जे झालं ते त्याचं त्याला ठाऊक. भिंतीला टेकून तो खाली बसला, घामानं भिजला. पण गोजरानं आधी वर गेलेला हात पाहिला होता. "हात वर जातो की तुमचा," ती म्हणाली. एवढंच. मग तिनं बरणी घेतली, पुसली, जागेवर ठेवली. त्याला म्हणायचं होतं, अगो, हात माझ्या अकलेनं गेला नाही, तो आपणहून गेला, तू खालीच उभी होतीस, बरणी तुझ्या डोक्यात पडली असती... पण दुखण्यानं तोंडातून शब्दच फुटला नाही, आणि दुखणं उतरलं तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती. पंढरीनं मानलं नाही, आळीनं मानलं नाही, ते त्यानं गिळलं होतं. पण गोजराच्या नजरेत पडलेलं ते बारीकसं... ते त्याला गिळता येत नव्हतं. तेवढ्यासाठी तरी फोटोत फट यायला हवी होती. यायलाच हवी होती.

इस्पितळाच्या बाकावर दोन तास गेले. मग फोटो काढणारानं दारातून हाक मारली, "हिरामण देवजी!" आणि मरून गेलेल्या बापाचं नाव असं परक्या भिंतींमध्ये मोठ्यानं ऐकून तो जरा दचकलाच.

"गळ्यात काय ते काढ. फोटोत येतं."

काळ्या दोऱ्यातला चांदीचा ताईत होता. गोजरानं मागून गाठ सोडली, ताईत मुठीत धरला, आणि त्याच्याबरोबर आत पाऊल टाकलं.

"बाई बाहेर."

"त्यांना सदरा काढता येत नाय हो."

"येईल हळूहळू. बाईंनी आत नाय थांबायचं, कुणीच नाय थांबायचं. किरणं असतात. बाहेर बसा."

दरवाजा बंद झाला. दरवाज्यावरचा लाल दिवा बाहेरच्या बाजूला पेटतो, हे त्यानं बाकावर बसून पाहून ठेवलं होतं. आता तो आपल्यासाठी पेटला असेल आणि गोजरा त्याच्याकडे बघत असेल. तो डाव्या हातानं बटणं काढू लागला. ते नवं बटण सर्वात घट्ट होतं.

"चल चल, बाहेर अजून बाराजण आहेत." माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं कोपऱ्यातून दोन लोखंडी वजनं आणली, वाण्याच्या तागडीतली असावीत तशी, वर कडी असलेली. "पाच पाच किलो. हे खरं म्हणजे पट्ट्यानं मनगटाला बांधायचं असतं, हातात धरायचंच नसतं. पण एका पट्ट्याचं बक्कल गेलंय, महिना झाला मागतोय मी. तू हातातच धर. फक्त खांदा ढिला सोड. समजलं? एकदम ढिला. वजन लोंबू दे."

"समजला."

"मगाशी एक गडी आला होता, तुझ्याहून दांडगा. हातात दिल्याबरोबर आई गं करून टाकून दिलं खाली. फरशी फुटली असती. तुला झेपेल ना?"

आणि इथंच काय झालं ते नंतर हिरामणनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, उलटं सुलटं करून पाहिलं, पण त्या वेळी ते इतकं साधं होतं की त्यात काही झालं असं वाटलंच नाही. त्यानं वजनाची कडी धरली. डावी धरली, उजवी धरली. थंड लोखंडाचा भार बोटांवर आला, आणि अंगानं तो घेतला. बस्स, घेतला. पंधरा वर्षांचा हिरामण दोन हातांत पिण्याच्या पाण्याचे दोन डबे घेऊन मिठागराच्या बांधावरून चालला आहे, बांध वीतभर रुंद, दोन्हीकडे मिठाचं पाणी, उन्हात माणसं ताटकळलेली, आणि मागून देवजीचा आवाज... "वजन हाताला लोंबू द्यायचं नाय. अंगाशी घे. खांदा बसला का मानूस बसला." डबा सांडला तर सगळ्यांची तहान सांडली. एकदा सांडला होता, तेव्हा देवजी त्याला मारायला धावला नाही, नुसता त्या ओल्या चिखलाकडे बघत उभा राहिला. त्यानंतर एकोणीस वर्षांत हिरामणच्या हाताला वजन म्हणून कधी लोंबलं नव्हतं.

खांदा वर आला. त्यानं वर आणला नाही, तो आला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि दुखणं कानापर्यंत चढलं, दाताला दात लागले. पण हात थरथरला नाही. तो माणूस काचेआडून बघत होता. बघू दे. मगाशी टाकून गेला तो दुसरा. हा देवजीचा पोरगा आहे. सहा आठवडे सगळ्यांनी कामचुकार म्हटलं—तोंडानं नाही म्हटलं, पण म्हटलं. बघा म्हणावं कामचुकार कसा उभा राहतो ते.

"श्वास रोख... हलू नको."

घरघर झाली. थांबली.

"झालं. ढिला सोडला होतास ना?"

"हो साहेब."

आणि त्यात खोटं बोललो असं त्याला त्या क्षणी मुळीच वाटलं नव्हतं, हे तो कुठल्याही देवापुढं सांगेल. तो बाहेर आला तो उजळ तोंडानं. गोजरानं ताईत बांधताना विचारलं, "लई दुखलं?" तर तो म्हणाला, "दुखलं. पन जरा बी हललो नाय." किती दिवसांनी त्यानं बायकोला काहीतरी करून दाखवल्यासारखं सांगितलं! बाकावर दोघांनी भाकरी खाल्ली. त्याला भूक लागली होती.

तासाभरानं आत बोलावलं. फोटो अजून ओला होता, चिमट्याला धरून डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. काळ्यावर राखाडी, राखाडीवर पांढरं. दोन्ही खांदे एकाच काचेवर, मध्ये बरगड्यांचा पिंजरा. डॉक्टरांनी पट्टी घेऊन एका बाजूचं अंतर मोजलं, मग दुसऱ्या बाजूचं, मग पुन्हा पहिल्या बाजूचं. मागं दाराशी फोटोवाला पुढचे दोन फोटो घेऊन उभा होता. गोजरा भिंतीला लागून.

"सारखंच आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडे सारखं."

हिरामण फोटोकडे बघत होता. त्याला फटी समजत नव्हत्या, पट्टी समजत नव्हती. पण माणूस समजत होता. त्या काळ्या काचेत, कातडी नाही, मांस नाही, तोंड नाही असा जो कुणी उभा होता, तो त्याला ओळखू आला. खांदे कानांच्या दिशेनं उचललेले, मान आत घेतलेली, दोन्हीकडून भार अंगाशी धरलेला... अरे, हा तर बांधावरून चाललाय. हा डबे घेऊन चाललाय! भरती आली होती, पाणी चढलं होतं, आणि फुटलेल्या बांधाला मीच पाठ लावून उभा राहिलो. पाण्याचा थेंब बाहेर येऊ दिला नाही.

"खांदा ढिला सोडला होतात ना?" डॉक्टरांनी चष्म्यावरून विचारलं. अजून ते 'अहो'तच बोलत होते.

एवढंच म्हणायचं होतं, नाही साहेब, सुटला नाही. चार शब्द. पण दाराशी फोटोवाला उभा होता, त्याला आपण हो म्हटलं होतं, आता नाही म्हटलं तर त्याला बोलणी बसणार, बक्कलाची गोष्ट निघणार, ओला फोटो फुकट जाणार. आणि भिंतीला लागून गोजरा होती, जिला आत्ता तासापूर्वी आपण फुशारकीनं सांगितलं, जरा बी हललो नाय. ती काय म्हणेल... फोटोत आलं नाही म्हणून आता हे नवीन काढलं? बरणी झेलणाऱ्या हाताचा माणूस आता म्हणतो, खांदा ढिला सोडता येत नाही? जगात कुणाला हात खाली सोडता येत नाही?

"हो," तो म्हणाला.

सहा आठवडे तो खरं बोलत होता, ते कुणी मानलं नव्हतं. हे एक खोटं डॉक्टरांनी लगेच मानलं. "मग चांगलंच आहे की," ते म्हणाले, आणि कागद ओढून लिहू लागले. त्यांच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. "थोडे दिवस दुखेल. शेकत राहा. काम केल्यानंच मोकळा होईल."

बस. पुन्हा खिडकी, पुन्हा पत्रा. कागद वरच्या खिशात होता, त्या बटणाच्या मागं. कळव्याचा पूल आला तेव्हा गोजरा म्हणाली, "चांगलं झालं ना पन? आत काय तुटलं नाय ते." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो हो म्हणाला. खालच्या चिखलात आता पाणी शिरू लागलं होतं, आडव्या होड्या थोड्या सरळ झाल्या होत्या. तुटलं नाही, असंही असेल. डॉक्टरांनी पट्टीनं मोजलं. मी कोण? दाबून धरल्यामुळं फट दिसली नाही, की फट नव्हतीच म्हणून दिसली नाही, हे आता कोण सांगणार... त्यानं उजवा हात मांडीवर हलकेच फिरवला आणि दुखण्याला हाक मारली. ते होतं. जागेवर होतं.

घरी आल्यावर तो मागच्या परड्यात गेला. उन्हं उतरली होती. गोजरा पोरीला आणायला गेली होती. तुळशीच्या कट्ट्यावर भरलेली कळशी होती; त्यानं सुंभाचा तुकडा शोधला, एक टोक कळशीच्या गळ्याला बांधलं, दुसरं दातानं ओढून उजव्या मनगटाला गुंडाळलं. पट्टा असता तर असा असता. कट्ट्यावर ठेवलेली कळशी त्यानं गुडघ्यानं हळूच पुढं लोटली. सुंभ ताणला, कळशी अधांतरी झाली... आणि खांदा वर आला. त्यानं म्हटलं, ढिला. खांदा आणखी वर गेला. कळशी कट्ट्यावर घेतली, पुन्हा लोटली. ढिला, ढिला रे... लहान पोराला समजवावं तसं, मग शिवी देऊन, मग विनवून. तोंडावर घाम आला. आपला खांदा, आपण सांगतोय, ऐकत नाही. कसलं हे अंग! बापानं शिकवलेलं ऐकतं, बाप मरून आठ वर्षं झाली तरी ऐकतं, आणि माझं नाही. तो रडू लागला होता, ते त्याला गोजराचा आवाज आल्यावर कळलं.

"अवो, काय करता काय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. कट्ट्यावर बसून, हाताला कळशी बांधलेली तशीच. बक्कल, तो टाकून गेलेला गडी, देवजी, डबे, फोटोतला माणूस, आणि ते 'हो'. "मी डाक्टरांना खोटं सांगितलं गोजरे. सुटलाच नवता खांदा. मना सोडताच येत नाय." मग जरा थांबून, "आन बरनी... ती मी नाय झेलली गो. हात गेला. तू खाली होतीस."

पोरीला गोजरानं आत पाठवलं. मग ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, म्हणाली, "उटा." तो उठला. तिनं एक तळहात कळशीच्या बुडाखाली घातला आणि सगळा भार स्वतःवर घेतला. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या गळ्याच्या हाडाच्या टोकावर ठेवली, डॉक्टरांनी दाबलं होतं तिथंच, पण दाबली नाहीत.

"माज्याकडं बगू नका. डोले मिटा. कलशी माज्या हातात हाय."

त्यानं डोळे मिटले. भार नव्हता. घरात पोरगी स्वतःशी काहीतरी बडबडत होती. गोजराच्या हाताला राखेचा, भाकरीचा वास होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं तळहात केव्हा उतरवायला सुरुवात केली ते त्याला समजलं नाही, त्याच्या खांद्यालाही समजलं नाही. पोर झोपल्यावर मांडी काढून घेतात तसा, केसाकेसानं, तिनं तो काढून घेतला. आणि मग काहीतरी आतून खाली सरकलं. हात खाली गेला, खांदा खाली गेला, आणि गळ्याचं हाड एकटंच वर राहिलं, तिच्या बोटांखाली. कळ आली. अशी कळ सहा आठवड्यांत आली नव्हती. तो ओरडला नाही.

"अग माज्या बाय..." गोजरा म्हणाली. तिची बोटं त्या खळग्यात होती. "बोट जातं हो. बोट जातंय आत."

त्यानं डोळे उघडले. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पंधरा दिवसांनी, सरळ, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"मंगलवारी परत जाऊ," ती म्हणाली. "मी सांगते डाक्टरांना. सांगते, माज्या बोटाला लागलं. परत काढा म्हनते फोटो."

तो हो म्हणाला नाही. मंगळवारच्या आधी सोमवार होता, पिंपं होती, खिशात कागद होता. आणि मंगळवारी गेलं तरी पुढं तोच दरवाजा होता, आतली थंड फरशी, कोपऱ्यातली वजनं, काचेआडून बघणारा माणूस आणि बाहेरच्या बाजूला पेटलेला लाल दिवा. तिथं खांदा सुटायचा नाही. तो इथंच सुटतो, या हाताखाली. आणि हा हात त्या दरवाज्याच्या आत कुणी येऊ देणार नाही. हे तिला कसं सांगावं? सांगितलं तर ती बोटं काढून घेईल, घाईघाईनं काहीतरी समजूत घालू लागेल.

कळशीतलं पाणी डुचमळायचं थांबलं होतं. गोजरानं सुंभाची गाठ सोडायला खांद्यावरचा हात हलवला.

"थांब," हिरामण म्हणाला. "हात नको काढूस आत्ता."